फ्रेमच्या दुकानात मोठे फोटो छापायला सुरुवात कशी करावी

"हा वडिलांचा फोटो. बुधवारी तेरावा आहे. मोठा करून, फ्रेम करून मिळेल का?" असं म्हणून समोरचा मोबाईल पुढे करतो. पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या दुकानात हे नेहमीचं आहे. पूर्वी लोक छापलेला फोटो मढवायला आणायचे, आता फोटो मोबाईलमध्येच असतो. बरीच वर्षं आम्ही अशांना फोटो छापणाऱ्या लॅबचा पत्ता द्यायचो. काही परत यायचे, काही तिकडूनच तयार फ्रेम उचलायचे. दहा पावसाळे भिंतीवर काढल्यावर फोटोचं काय होतं, हे आपण फ्रेमवाले रोज उघडून बघतो. म्हणून हे काम आपल्याकडेच असावं असं मला मनापासून वाटतं.

आधी वही, मग मशीन

तीन-चार महिने ऑर्डर घ्या, पण प्रिंट बाहेरून करून आणा. प्रत्येक ऑर्डरचा साईज, कागद, लॅबला दिलेले पैसे आणि लागलेले दिवस वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत १२ बाय १८ आणि २० बाय ३० इंच यांचीच रांग होती. त्याहून मोठं काम क्वचित. त्यामुळे २४ इंची मशीन, म्हणजे २४ इंच रुंद कागदाच्या रोलवर छापणारा प्रिंटर, पुरलं, त्यावर २४ बाय ३६ पर्यंत सगळं निघतं. बालगंधर्वच्या किंवा घोले रोडच्या कलादालनात प्रदर्शन भरवणारे फोटोग्राफर तुमच्याकडे येत असतील, तर ४४ इंचीचा विचार करा. पण पेठेतल्या जुन्या वाड्यांचे जिने आठवा: ४० बाय ६० ची फ्रेम पहिल्याच वळणावर अडते. मोठी ऑर्डर घेताना जिना नाहीतर लिफ्ट मोजून घेतल्याशिवाय फ्रेमची पट्टी कापू नका.

मशीन पिगमेंट शाईचं, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचं घ्या. विरघळलेल्या रंगाच्या डाय शाईपेक्षा ती उजेडाला जास्त टिकते. फ्लेक्स छापणाऱ्यांची मशीनं वेगळी आणि चौरस फुटाचा दरही वेगळा. त्या दराशी स्पर्धा करायला जाऊ नका.

जागा

पट्टी कापताना उडणारा भुसा प्रिंटरचा वैरी आहे. कागदावर एक कण बसला तरी तिथे पांढरा ठिपका राहतो. कटरपासून लांब, दार असलेली छोटी केबिन करा. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघा. पुण्यात जून ते सप्टेंबर हे अवघड जातं, म्हणून काम झालं की रोल पिशवीत घालून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत बंद करा. यूपीएस हवाच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि प्रिंट मध्येच थांबली, तर तिथे आडवी रेघ उमटते आणि कागद वाया जातो.

स्क्रीन

"प्रिंट काळपट आली" या तक्रारीत बहुतेक वेळा दोष स्क्रीनचा असतो. दुकानातली स्क्रीन फार उजळ ठेवलेली असते. कॅलिब्रेटर (स्क्रीनचा रंग-उजळपणा मोजून जुळवणारं यंत्र) घ्या, उजळपणा १०० कँडेलाच्या (उजळपणा मोजायचं एकक) आसपास ठेवा आणि प्रत्येक कागदासाठी त्या कंपनीचं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावरचे रंग जुळवणारी फाइल, वापरा. तयार प्रिंट दारातल्या उजेडात बघा, मग पिवळ्या दिव्याखाली बघा. गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये पिवळा दिवाच असण्याची शक्यता जास्त.

फाइल

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होऊन येते. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हे वाक्य काउंटरवर लिहूनच ठेवा. हिशोब सोपा आहे: इंच गुणिले १५०. म्हणजे २० बाय ३० ला ३००० बाय ४५०० पिक्सेल हवेत. टेबलावर ठेवून जवळून बघायच्या फोटोला ३०० ने गुणा.

पासपोर्ट फोटोच हाती असेल, तर १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करा. आकड्यांच्या हिशोबाने ११ बाय १४ इंच निघतात, पण त्याच्या बऱ्याच आधी मूळ कागदाचाच दाणा दिसू लागतो. हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. चेहरा 'स्पष्ट' करणाऱ्या सॉफ्टवेअरपासून जपून राहा. मी एकदा एका आजोबांचा फोटो असा टवटवीत करून दिला. आजींनी तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यांचे डोळे असे नव्हते." मी मूळ स्कॅनवरून पुन्हा छापून दिला, थोडा धूसर. त्यांनी तोच नेला.

इंटरनेटवरून उतरवलेला कोणाचाही फोटो छापू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या फोटोचा पहिला हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचाच. राजा रवि वर्मा १९०६ साली गेले, त्यांची लक्ष्मी-सरस्वती खुशाल छापा. त्यांचा छापखाना आपल्याच जिल्ह्यात मळवलीला होता.

छपाई आणि मढवणं

आधी चेहऱ्याची चार इंची पट्टी छापून बघा, मगच पूर्ण प्रिंट काढा. निघालेली प्रिंट किमान २४ तास मोकळी वाळू द्या. हात लावला तर कोरडी वाटते, पण शाईतली वाफ सुटतच असते. सुरुवातीला एका जुलैत मी घाईने त्याच संध्याकाळी काच लावली, आठवड्याभरात काचेच्या आतून धुकं धरलं. तेराव्याची ऑर्डर घेताना हा एक दिवस मोजूनच तारीख द्या.

काच प्रिंटला टेकता कामा नये, मध्ये माउंट (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) किंवा स्पेसर (काच दूर ठेवणारी बारीक पट्टी) हवा. प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन जागी बिजागरीसारखी पट्टी लावून टांगा. चारी बाजूंनी चिकटवली तर पावसाळ्यात कागद फुगून लाटा येतात. कॅनव्हास ज्यावर ताणतात त्या दीड इंची लाकडी बारसाठी प्रत्येक बाजूला अडीच इंच जास्त छापा.

दर

२४ इंची रोलवर २० बाय ३० चा फोटो ४.१७ चौरस फूट भरतो, पण पुढच्या-मागच्या कडा धरून कागद जातो २४ बाय ३२, म्हणजे ५.३३ चौरस फूट. दर गेलेल्या कागदावर लावा. त्यात शाई, हेड (शाई सोडणारा भाग) साफ करताना जाणारी शाई आणि वाया जाणाऱ्या प्रिंटा धरा. बिलावर प्रिंट आणि फ्रेम वेगळी दाखवा.

मशीन पडून राहिलं की हेड सुकतं. काम नसलं तरी दोन-तीन दिवसांनी नोझल चेक (शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारा छोटा नमुना) काढा, दिवाळीच्या सुट्टीतही कोणीतरी येऊन काढायला हवा.

फ्रेमच्या पाठीवर तारीख, कागदाचं नाव आणि फाइलचा नंबर लिहा. वर्षश्राद्धाच्या सुमारास धाकटा भाऊ येतो आणि म्हणतो, "दादाकडे आहे तसाच एक मलाही द्या."