विरघळणाऱ्या तंतूंनी रक्तातील आणि यकृतातील चरबी आटोक्यात कशी ठेवावी

आहारात तंतुमय पदार्थ वाढवावेत, एवढा मोघम सल्ला पुरत नाही. एलडीएल, म्हणजे 'वाईट' समजले जाणारे, कोलेस्टेरॉल कमी करायचे असेल, तर पाण्यात विरघळून बुळबुळीत, दाट लगदा बनवणारे तंतू निवडावेत. ओट आणि जव यांतील बीटा-ग्लुकन, इसबगोलाचा भुसा आणि फळांतील पेक्टिन हे त्या जातीचे आहेत. गव्हाचा कोंडा पोट साफ ठेवतो, पण एलडीएलवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. इन्युलिन (हाही एक तंतूच) विरघळते, मात्र दाट होत नसल्यामुळे या कामी तेही तोकडे पडते.

याचे मर्म पित्तात आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून जी पित्ताम्ले बनवते, त्यांतील सुमारे 95 टक्के आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा यकृताकडे परततात. तंतूंचा लगदा त्यांतली काही अडवून शौचावाटे बाहेर नेतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते.

रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवे. त्यासाठी साधारण 75 ग्रॅम कोरडे ओट लागतात. इसबगोल घेणाऱ्यांनी रोज सुमारे 10 ग्रॅम भुसा विभागून घ्यावा. एवढ्याने एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरते, म्हणून डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची) गोळी स्वतःहून मुळीच बंद करू नये.

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबीचा दुसरा प्रकार, मात्र यातून फारसे हलत नाही. यकृतातील चरबीबाबतही अपेक्षा बेताचीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे: लगद्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि यकृताला नवी चरबी बनवायला लावणाऱ्या इन्सुलिनची उसळी मंदावते, हे खरे, तरीही अशा यकृतावरचा मुख्य उपाय म्हणजे 7 ते 10 टक्के वजन घटवणे आणि गोड पेये सोडणे. पोट लवकर व जास्त वेळ भरलेले राहिल्याने तंतू त्या प्रयत्नाला हातभार लावतात.

सुरुवात थोड्या प्रमाणाने करावी आणि दर आठवड्याला ते वाढवत न्यावे, नाहीतर पोट फुगते व गॅस होतो. इसबगोल कोरडा कधीच तोंडात टाकू नये, तो घशात फुगून अडकू शकतो. प्रत्येक वेळी पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा. गिळताना त्रास होणाऱ्यांनी किंवा आतड्यात अडथळा असलेल्यांनी तो टाळावा. इतर औषधे आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि नेम दोन-तीन महिने टिकल्यावर रक्ताची लिपिड तपासणी पुन्हा करून घ्यावी.