ज्वारीच्या नूडल्स घरच्या सोऱ्यातून

सोलापूरकराला ग्लुटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन नसलेल्या, नूडल्ससाठी महागडी पाकिटं शोधत फिरायची गरज नाही. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ज्वारीत मुळातच ग्लुटेन नसतं. शेवेचा सोऱ्या तर घरोघरी असतोच. एवढ्यावर उत्तम नूडल्स होतात.

आधी कॅलरींचं बोलू, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३४० कॅलरी असतात. गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढ्याच. नुसती ज्वारी आणली म्हणून वजन उतरत नाही. फरक पडतो तो तेलाने आणि भाजीने. बाजारातल्या बहुतेक इन्स्टंट नूडल्स तेलात तळून वाळवलेल्या असतात, आपल्या वाफवायच्या आहेत. माणशी ५० ग्रॅम पीठ, दीडशे ग्रॅम भाजी, एक छोटा चमचा तेल आणि वरून एक छोटा चमचा शेंगा चटणी धरली, तर भरलेली ताटली ३०० कॅलरींच्या आसपास बसते.

पीठ ताजं हवं. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी गेलेली असते. त्याची जशी भाकरी थापता येत नाही, तशा नूडल्सही तुटतात. ज्यांना सीलिॲक आजार आहे, म्हणजे ग्लुटेनने ज्यांच्या आतड्याला इजा होते, त्यांनी गिरणीचा फार विचार करावा. त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो आणि तो आपल्या पिठात उतरतो. ‘ज्वारीआधी थोडी ज्वारी फिरवून घ्या’ असं सांगून हा धोका संपत नाही. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू कधीच दळत नसाल, तर तेच पीठ वापरा. ज्वारी निवडताना गव्हाचा दाणा दिसला तर काढून टाका. खपली गहू पचायला हलका म्हणून आपल्याकडे कौतुकाने खातात, पण तोही गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतं. आणि आजाराची नुसती शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका; आधीच बंद केला तर रक्ताच्या चाचणीत आजार दिसेलच असं नाही.

आता कृती, दोघांपुरती. १०० ग्रॅम पीठ म्हणजे साधारण एक वाटी. त्याच वाटीने एक वाटी पाणी, पाव चमचा मीठ आणि चार थेंब तेल घालून खळखळून उकळा. गॅस बारीक करून पीठ एकदम घाला, उलथन्याच्या दांड्याने भराभर हलवा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. ही उकड नूडल्सचा जीव आहे. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन धरून ठेवतं. ज्वारीत ते काम उकळत्या पाण्यात फुललेला पिष्ट पदार्थ करतो. थंड पाण्यात मळलेल्या पिठाच्या नूडल्स वाफेवरच मोडतील. उकड हाताला सोसेल इतकी गरम असतानाच, पाण्याचा हात लावत, एकही गुठळी न ठेवता मळा. पहिल्यांदा करत असाल तर पाव भाग तांदळाचं पीठ मिसळा, तार सोपी पडते.

सोऱ्याला जाड शेवेची चकती लावा, आतून तेलाचं बोट फिरवा आणि चाळणीवर थेट पाडा. थर पातळ ठेवा. मोदकपात्रात आठ-दहा मिनिटं वाफवा. त्यानंतरची पंधरा मिनिटं धीर धरायची. गरम असताना हात लावला तर लगदा होतो. पूर्ण निवल्या की तारा घट्ट होतात आणि बोटांनी अलगद सुटतात.

कोबी, गाजर, ढोबळी मिरची, कांद्याची पात लांब चिरा. लोखंडी कढई कडकडीत तापवून दोन छोटे चमचे तेल, ठेचलेला लसूण, आलं, हिरवी मिरची आणि लगेच भाजी. मोठ्या आचेवर तीन मिनिटं पुरेत. मीठ शेवटी, नाहीतर भाजीला पाणी सुटतं. गॅस बंद करून नूडल्स घाला आणि कढई हलवून मिसळा, उलथनं घालू नका.

सोया सॉस टाळा. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. डब्यातल्या हिंगातही बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय तो घालू नका. ‘मिलेट नूडल्स’ लिहिलेल्या पाकिटांचंही तेच. मागे घटकांच्या यादीत गहू किंवा मैदा आहे का ते पाहा. आंबटपणाला लिंबू, तिखटाला मिरपूड, आणि त्या चवीपुढे सॉस आठवत नाही अशी आपली उखळात कुटलेली शेंगा चटणी. ती मात्र मोजूनच, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात.

थंडीच्या दिवसांत मला याहून आवडतो तो दुसरा प्रकार. भिजवलेले हुलगे कुकरमध्ये शिजवून वरचं कढण गाळून घ्या. अर्धा चमचा तेलात जिरं, लसूण, कढीपत्ता यांची फोडणी करून त्यावर कढण ओता, चिंचेचा कोळ, मीठ आणि शिजलेले मूठभर हुलगे घाला. उकळी आली की वाडग्यात नूडल्स ठेवून वरून ओता. कढणात नूडल्स शिजवू नका, विरघळतील.

उरलेल्या नूडल्स झाकून फ्रीजमध्ये ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी कडक होतात. पाण्याचा हबका मारून तीन मिनिटं वाफवा, पुन्हा मऊ होतील. आणि सोऱ्या लगेच पाण्यात बुडवून ठेवा. ज्वारीचं पीठ वाळलं की चकतीची भोकं सुईने कोरावी लागतात.