यादीत एकवीस, लॅबमध्ये चाळीस: नेटवर्क मोजताना या चुका टाळा

एका कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस पीसी होते. प्रत्येकावर इन्व्हेंटरीचा एजंट (मशीनची माहिती मध्यवर्ती यादीत पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) टाकला, आणि संध्याकाळी यादी उघडली तर त्यात एकवीसच. उरलेले एकोणीस गेले कुठे, म्हणून मी तासभर केबली हलवत बसलो. ते कुठेही गेले नव्हते, यादीत एकमेकांत मिसळून गेले होते.

वीस पीसी ब्रँडेड होते, वीस असेम्बल केलेले. असेम्बल पीसीच्या बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) सिरियल नंबरच्या जागी पुष्कळदा 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.', म्हणजे 'हे निर्माता भरेल', हेच वाक्य राहून गेलेलं असतं. आमचं सॉफ्टवेअर सिरियलवरून मशीन ओळखत होतं, त्यामुळे त्याच्या लेखी ते वीस मिळून एकच. जीएलपीआय आणि ओसीएस इन्व्हेंटरी या दोन्ही इन्व्हेंटरी सॉफ्टवेअरमध्ये असले निरर्थक नंबर ब्लॅकलिस्टमध्ये टाकता येतात. ती यादी पहिल्याच दिवशी तपासा. घोस्ट इमेज मारून, म्हणजे एका तयार डिस्कची हुबेहूब कॉपी टाकून, मशीन तयार करत असाल तर आणखी एक सापळा आहे. इमेजमध्ये आधीच चालवलेला एजंट असेल, तर त्याचा आयडीही सगळीकडे कॉपी होतो. एजंट इमेजनंतर टाका.

याच्या उलटंही होतं: एक लॅपटॉप, नोंदी तीन. वाय-फायचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) वेगळा, लॅनचा वेगळा, आणि यूएसबी-लॅन डोंगल तर आज एकाच्या टेबलावर, उद्या दुसऱ्याच्या. आयपी पत्त्यावर विसंबावं, तर आपोआप पत्ते वाटणारा डीएचसीपी तो बदलतो. मोबाइलचं तर विचारूच नका: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला सहसा खरा मॅक दाखवत नाहीत. फोन मोजायचेच असतील तर वाय-फाय लॉगिनच्या नावावरून मोजा.

पिंगला (मशीन जागं आहे का, या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर नाही म्हणजे मशीन बंद, हा गैरसमज फार जुना. विंडोजचा फायरवॉल पिंग अडवू शकतो. त्याच सबनेटमधून (नेटवर्कच्या त्याच तुकड्यातून) एनमॅप हे स्कॅन करायचं टूल चालवलं तर ते एआरपीने, म्हणजे 'हा आयपी कुणाचा?' असं थेट, विचारतं, आणि एआरपीला असा फायरवॉल सहसा आडवा येत नाही. म्हणून स्कॅन दूरच्या सर्व्हरवरून एकदम करण्यापेक्षा प्रत्येक व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) बसून करा. पोर्ट ९१०० वर मिळेल ते छापत सुटणारे प्रिंटर असतात, त्यांना मात्र वगळा. नाहीतर सकाळी ट्रेमध्ये अगम्य अक्षरांचे कागद सापडतात आणि लोक व्हायरस आला म्हणून ओरडतात!

मॉनिटरिंगमधली माझी नावडती चूक ग्राफची आहे. स्विचच्या जुन्या ट्रॅफिक काउंटरला ३२ बिट असतात, म्हणजे साधारण ४.२९ जीबी मोजून तो पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसच्या पूर्ण भरलेल्या पोर्टवर त्याला पावणेसहा मिनिटं लागतात, त्यामुळे दर पाच मिनिटांनी वाचलं तरी कसंबसं निभायचं. गिगाबिटवर तोच काउंटर ३४ सेकंदांत उलटतो, आणि दोन वाचनांच्या मधे तो किती वेळा उलटला हे ग्राफला कळत नाही. भरधाव वाहणारी लिंक ग्राफमध्ये सुस्त दिसते, आणि आपण इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो. ६४ बिटांचा काउंटर निवडा. तो एसएनएमपी (उपकरणांकडून असे आकडे वाचायची पद्धत) व्हर्जन १ मध्ये मिळत नाही, २सी किंवा ३ हवं. आणि २सीची कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे त्याचा पासवर्ड, 'पब्लिक'च ठेवली असेल तर आजच बदला. तरी ती नेटवर्कवरून उघडीच जाते, म्हणून उपकरण झेपवत असेल तर व्हर्जन ३ लावा.

अलर्टचंही तसंच. एक स्विच पडला की त्यामागच्या सगळ्या मशीनचे मेसेज येतात. दोन दिवसांत सगळे जण तो ग्रुप म्यूट करतात, आणि तिसऱ्या दिवशी खरोखर काही पडलं तर कुणाला पत्ता नसतो. झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रिगर डिपेन्डन्सी (एक अलर्ट दुसऱ्यावर अवलंबून ठेवायची सोय) असते. स्विच पडला तर त्यामागच्यांनी गप्प बसावं, असं तिथे सांगून ठेवा.

आणि मॉनिटरिंगचा सर्व्हर ज्या यूपीएसवर बाकीचे स्विच आहेत त्यावरच लावू नका. लाइट गेली आणि बॅटरी संपली की तोही त्यांच्याबरोबरच झोपतो, आणि डॅशबोर्डवर शेवटचं चित्र सगळं हिरवंच असतं.