मोकाट घोडा दत्तक घेतलाय? या चुका टाळा

रानात वाढलेल्या घोड्याच्या लेखी माणूस हा शिकारी असतो. त्यामुळे बहुतेक गोष्टी बिघडतात त्या आपल्या घाईने.

नवा घोडा कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला, की वाटतं निवळला, आणि लोक हात लावायला जातात. प्रत्यक्षात पळायला वाट नसल्याने तो थिजलेला असतो. अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही, म्हणून खांद्याच्या रोखाने तिरपे जा. मान ताठ झाली, कान मागे पडले, की जागीच थांबा. थोड्या वेळाने एक कान तुमच्याकडे वळेल, मान खाली येईल, तो ओठ चाटेल, रिकामं तोंड चघळल्यासारखं हलवेल. त्याच क्षणी एक पाऊल मागे या. हेच त्याचं बक्षीस. आपण नेमकं उलटं करतो: तो निवळला की पुढे सरकतो, बुजला की मागे हटतो. मग बुजलं की सुटका होते, एवढंच तो शिकतो.

दुसरी चूक मायेपोटी होते. बरगड्या दिसतात म्हणून पहिल्याच दिवशी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, भरभरून घातली जाते. रुक्ष गवतावर जगलेल्या पोटाला ती झेपत नाही. पोटशूळ उठतो, खुरांच्या आत सूज येऊन घोडा लंगडतो. घोड्याला ओकताही येत नाही. आधी साधं सुकं गवतच द्या, दिवसाला वजनाच्या साधारण २ टक्के. ४०० किलोच्या घोड्याला ८ किलो. चाऱ्यातला कोणताही बदल ७ ते १० दिवसांत हळूहळू करा. फारच खंगलेला असेल तर आहार पशुवैद्यालाच ठरवू द्या. तो वारंवार पोटाकडे वळून बघत असेल, लोळत असेल, शेण टाकत नसेल, तर सकाळची वाट बघू नका.

काटेरी तार कधीच नको. अमेरिकेत न माणसाळलेला मोठा मस्टँग, म्हणजे तिथला रानटी घोडा, दत्तक घ्यायचा तर ६ फूट उंच कुंपणाची अट असते, ती उगाच नाही. एकटं ठेवू नका. शांत घोडा नजरेच्या टप्प्यात असावा, मात्र आरोग्यतपासणी होईपर्यंत दोघांत अंतर ठेवा. म्होरकी चढवून तशीच सोडू नका, कुठेतरी अडकून मान मोडू शकते.

खुरांसाठी नालबंदाला लगेच बोलावण्याची घाईही अंगाशी येते. आधी लांब काठीला मऊ दोरी बांधून दुरूनच पायांना स्पर्श करा. लाथ बसलीच तर काठीला बसेल. पाय सैल पडला की दोरी लगेच बाजूला घ्या. चारही पाय तो शांतपणे हातात देऊ लागला, की मग नालबंद; पुढे दर ६ ते ८ आठवड्यांनी.