कोकणात जाताय? पुण्याच्या हवेच्या भरवशावर बॅग भरू नका

मे महिन्यात पुण्यात रात्री दहाला दोरीवर टाकलेला शर्ट सकाळी कडकडीत वाळलेला असतो. त्याच हिशेबाने आम्ही एकदा गुहागरला निघालो. चार दिवसांसाठी मोजून दोन-दोन जोड, "धुऊ की रोज, त्यात काय!" दुसऱ्या दिवशी सगळं ओलसर, तिसऱ्या दिवशी कुबट. जीन्स वाळली ती घरी परत आल्यावर.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर, सह्याद्रीच्या अलीकडे. उन्हाळ्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की घाम आला कधी आणि उडाला कधी, कळतही नाही. घाट उतरलात की पारा पुण्यापेक्षा चार-पाच अंशांनी कमी असला तरी जीव नकोसा होतो, कारण हवेतच बाष्प भरलेलं. घाम उडत नाही, तसे कपडेही वाळत नाहीत. म्हणून बॅग भरताना "घाम शोषतो का" एवढंच बघणं ही पहिली चूक. वाळतो किती वेळात, ते आधी बघा.

सुती म्हटलं की झालं, असंही नाही. मलमल, व्हॉईल, पातळ खादी उत्तम. पण जाड होजिअरीचा टी-शर्टही सुतीच आणि डेनिमही सुतीच. पाणी धरून बसण्यात दोघं पटाईत. पॉलिस्टरचा खेळायचा टी-शर्ट तासाभरात वाळतो, पण घामाचा वास त्यात असा मुरतो की त्याच रात्री धुतला नाही तर सहप्रवाशांची क्षमा मागावी लागेल. एखादा न्यावा, सगळे तसलेच नकोत.

लेगिंग्ज घरीच ठेवा. घोळदार सलवार किंवा सैल पायजमा बरा, आत हवा खेळती राहते. मांड्या घासत असतील तर कुर्त्याखाली पातळ सायकलिंग शॉर्ट घाला. घामोळ्यांवर पावडर थापत बसण्यापेक्षा ते सोपं. फिक्कट राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचे डाग लांबून दिसतात. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छापाचा कपडा लाज राखतो.

आमची सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच होती: दोन जाडजूड टर्किश टॉवेल. घरमालकीण काकूंनी दोरीकडे बघून एवढंच विचारलं, "पंचे नाही आणलेत?" तेव्हापासून माणशी दोन पंचे. अंग पुसायला तर होतातच, शिवाय धुतलेला कपडा पिळून कोरड्या पंच्यात गुंडाळायचा आणि वरून पाय देऊन दाबायचा. बरंचसं पाणी पंचा ओढून घेतो. मग कपडा हँगरवर, पंख्याखाली, दुसऱ्याला न चिकटवता. नायलॉनची दोरी आणि चिमटे बरोबर न्याच.

समुद्रात भिजलेले कपडे कितीही वाळवा, दमटच लागतात ना? त्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. आधी गोड्या पाण्यातून दोनदा काढा, मग वाळत घाला. आणि अर्धओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशीचे काळे ठिपके पडले की सहसा जात नाहीत. निघायच्या दिवशी इलाज नसेल तर पिशवीत भरा, पण घरी पोचल्यावर चहाच्या आधी ती उघडा.

केरळला निघाला असाल तर तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरासाठी पुरुषांनी मुंडू किंवा धोतर ठेवावं. एसी डब्यासाठी एक ओढणी पुरते.

कुठला कपडा न्यायचा हे ठरत नसेल तर आदल्या आठवड्यात तो भिजवून, पिळून, खिडकी बंद करून रात्रभर बाथरूममध्ये टांगा. शिवण, खिसे आणि कमरेचं इलॅस्टिक सकाळी चाचपून बघा. आमच्याकडे पहिली नापास झाली ती नवऱ्याची लाडकी कार्गो पँट. सहा खिसे, सहाही ओले.