सेनेगलमध्ये यजमानांच्या घरी जेवताना

सेनेगलमध्ये स्वयंसेवक म्हणून एखाद्या कुटुंबात राहणार असाल, तर दुपारचं जेवण बहुधा एकाच मोठ्या परातीतून असेल. चपला काढून भोवती बसायचं, हात धुवायचे आणि उजव्या हातानं किंवा चमच्यानं फक्त आपल्यासमोरचा भात खायचा. मधले मासे, गाजर, कोबी, कसावा (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद) यांकडे हात न्यायचा नाही. घरातली बाई स्वतः मासा तोडून प्रत्येकापुढे सरकवते, पाहुण्यापुढे जरा जास्तच. त्यात माया असते, नको म्हणू नका. पोट भरलं की ‘सूर ना’ (तिथल्या वोलोफ भाषेत ‘माझं पोट भरलं’) म्हणून उठा. आग्रह होतोच, अगदी आपल्याकडच्यासारखा.

शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. चेबु जेन (२०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलेला मासे-भात) यातला भात माशाच्याच रश्श्यात शिजतो, त्यामुळे नुसता मासा बाजूला काढून भागत नाही. वेगळं शिजवावं लागणार असेल तर बाजारहाटाला हातभार लावा.

जेवणानंतर अताया येतो, म्हणजे हिरवा चहा, तीन फेऱ्यांत: पहिली कडवट, शेवटची गोड. यात तास सहज जातो. दुपारची कामं त्या हिशेबानं ठेवा.