कार्डाचा नंबर नेमका कुठला?

दारावरचा कार्ड-रीडर बदलला आणि जुनी कार्डं चालेनाशी झाली की गेटवरचा माणूस हमखास म्हणतो, "साहेब, कार्ड खराब आहे." अहो, दोनशे कार्डं एका रात्रीत कशी खराब होतील? चौदा वर्षं पुणे-पिंपरीत रीडर बसवतोय. खरंच मेलेलं कार्ड सापडलं, तर बहुतेक वेळा कुणीतरी लेस ओवायला त्याला भलतीकडेच भोक पाडलेलं असतं आणि आतली कॉइल तुटलेली असते. बाकी वेळी कार्डही ठीक असतं नि रीडरही. दोघांची नंबर वाचायची पद्धत तेवढी जुळत नाही.

आधी हातातलं कार्ड बघा. साध्या १२५ किलोहर्ट्‌झच्या जाड पांढऱ्या कार्डावर बहुधा दोन नंबर छापलेले असतात. समजा ०००५३८७०७९ आणि शेजारी ०८२,१३१२७. हे दोन वेगळे नंबर नाहीत. ५३८७०७९ ला ६५५३६ ने भागा: भागाकार ८२, बाकी १३१२७. आधीचा भाग फॅसिलिटी कोड, म्हणजे जागेचा किंवा कंपनीचा कोड, नंतरचा कार्ड नंबर. आता तुमचं सॉफ्टवेअर यातला कुठला मागतं, ते एकच कार्ड टाकून बघा. सगळी यादी भरायला नंतर बसा. एका ऑफिसात अ‍ॅडमिनच्या बाईंनी १८० नावं एक्सेलमध्ये भरून दिली होती, दहा आकडी नंबरासकट. एक्सेलने पुढची शून्यं खाऊन टाकली, आणि सॉफ्टवेअरला हवा होता स्वल्पविरामवाला नंबर. शनिवारची संध्याकाळ त्यातच गेली. तेव्हा नंबर टाकण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्या.

रीडरकडून पॅनेलकडे, म्हणजे दार उघडायचं की नाही ते ठरवणाऱ्या पेटीकडे, हा नंबर जातो तो बहुतेक ठिकाणी वीगँड पद्धतीने. आमच्या लाइनीत कुणी विगंड म्हणतं, कुणी वायगंड. जॉन वीगँड नावाच्या माणसावरून आलेलं नाव आहे. सर्वांत जास्त चालतं ते २६ बिटचं रूप: सुरुवातीला एक पॅरिटी बिट (चूक पकडायला जोडलेला जादा बिट), मग ८ बिट फॅसिलिटी कोड, १६ बिट कार्ड नंबर, शेवटी पुन्हा एक पॅरिटी. म्हणजे फॅसिलिटी कोड २५५ च्या वर नाही आणि कार्ड नंबर ६५५३५ च्या वर नाही. वरचं कार्ड तारेवरून असं जातं:

१ ०१०१००१० ००११००११०१०००१११ १

पहिल्या १३ बिटांत एकांची संख्या सम असली पाहिजे, शेवटच्या १३ त विषम. मोजून बघा, सहा आणि सात येतात. पॅनेलही सहसा हेच मोजतं आणि चुकलं तर गप्प बसतं. रीडर बीप करतो, दार उघडत नाही, नोंदही पडत नाही.

वायरिंगमध्ये सहसा हिरवी वायर डी-झीरो (हिच्यावरून शून्यं जातात), पांढरी डी-वन (हिच्यावरून एक), लाल प्लस, काळी ग्राउंड म्हणजे मायनस. तरी रंगावर विसंबू नका, रीडरच्या मागचं लेबल वाचा. हिरवी-पांढरी उलटी लागली तर प्रत्येक बिट उलटतो आणि दोन्ही पॅरिटी चुकतात. पॅरिटी न तपासणारं पॅनेल असेल तर त्यावर ०८२,१३१२७ च्या जागी १७३,५२४०८ दिसेल. ८२ अधिक १७३ बरोबर २५५. ही बेरीज जमली की बाकी काही शोधू नका, सरळ वायरी अदलाबदल करा.

ग्राउंडचं दुखणं याहून वाईट. रीडरला वेगळा अ‍ॅडॉप्टर आणि पॅनेलला वेगळा सप्लाय दिला असेल, तर दोघांचे मायनस एकत्र जोडलेच पाहिजेत. आमच्याकडच्या नव्या पोराने एकदा ते राहू दिलं. सकाळी दार उघडायचं, दुपारी नाही, एकच कार्ड तीन तऱ्हेचे नंबर द्यायचं. त्याने दोन रीडर बदलले. मी जाऊन वीतभर काळी वायर टाकली. केबलही १५० मीटरच्या आत ठेवा आणि २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एका पाइपातून नेऊ नका.

१३.५६ मेगाहर्ट्‌झच्या मायफेअर कार्डात गोंधळ वेगळाच. साध्या बसवणुकीत रीडर त्यातला फक्त अनुक्रमांक वाचतो, बहुधा चार बाइटचा. समजा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकडेपद्धतीत, ५३ १७ ६२ ९४. एक रीडर तो सरळ वाचून १३९४०४१४९२ म्हणतो, दुसरा शेवटच्या बाइटपासून वाचून २४८९४५६४६७. दोघंही बरोबर. संगणकातला कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर न्या, आलेला नंबर हेक्समध्ये बदला, दोन-दोन अक्षरांच्या जोड्या उलट क्रमाने लिहा आणि परत साध्या दशमान नंबरात आणा. जुना नंबर मिळाला तर भानगड बाइटच्या क्रमाची आहे. मग रीडरमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये क्रम बदलायची सेटिंग शोधा.

इथेच आणखी एक खड्डा आहे. चार बाइट म्हणजे ३२ बिट. २६ बिटच्या साच्यात नंबराला जागा २४ चीच. एक बाइट कापला जातो, आणि दोन वेगळ्या कार्डांचा नंबर एकच होऊ शकतो. हजेरीसाठी तीच कार्डं वापरत असाल तर पुढचं मी सांगायला नको. मायफेअर असेल तर रीडर आणि पॅनेल दोन्ही ३४ बिटवर ठेवा. एकच बाजू बदलून उपयोग नाही.

१२५ किलोहर्ट्‌झच्या या साध्या कार्डाची नक्कल सहज निघते आणि वीगँडच्या तारेवरून जाणारा नंबर उघडाच असतो, हे मी गिऱ्हाइकाला कोटेशन देतानाच सांगतो. सर्व्हर रूमचं वगैरे दार असेल तर ओएसडीपीवाला रीडर मागा; ओएसडीपी म्हणजे वीगँडऐवजी रीडर-पॅनेलने बोलायची दुसरी पद्धत. तो आरएस-४८५ या डेटा लाइनवर चालतो आणि सुरक्षित चॅनेल चालू केलं तर एन्क्रिप्शनही मिळतं. ते चालू करायचं मात्र विसरू नका, मी विसरलेले बघितलेत.

काम संपल्यावर पॅनेलच्या दाराच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: किती बिट, बाइट सरळ की उलटे, फॅसिलिटी कोड किती, आणि एका कार्डावर छापलेला नंबर व पॅनेलवर दिसलेला नंबर शेजारी शेजारी. बॉलपेनने लिहा, मार्करचं दोन वर्षांत काही उरत नाही.